टप पिवळा रंगवला की झाली टॅक्सी?

‘काळी-पिवळी’ हा शब्द आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्ये जरा मोठ्यानं उच्चारून बघा. शिरपूर, धुळे, शहाद्याकडच्या मुलांच्या डोळ्यांसमोर लगेच जीप उभी राहते. मागच्या बाजूला समोरासमोर बाकं, टपावर पोती, आत माणसं मोजायची नाहीत असा अलिखित करार, आणि ‘चला, एकच सीट बाकी!’ म्हणून अर्धा तास ओरडणारा माणूस. मी मुंबईची. माझ्या डोळ्यांसमोर येते ती गोल खांद्यांची, बुटकी फियाट. डाव्या अंगाला बाहेर बसवलेलं मीटर आणि टपावर लोखंडी कॅरिअर.

शब्द एकच, गाड्या दोन! आणि गंमत म्हणजे दोन्ही आपापल्या जागी बरोबर. पावसाळ्यात बोराडीच्या रस्त्यावर वीस माणसं घेऊन फियाट चालवून दाखवा, किंवा संध्याकाळी सहा वाजता भुलेश्वरच्या गल्लीत क्रुझर घालून दाखवा. टॅक्सी चांगली की वाईट हे शोरूममध्ये ठरत नाही. ज्या रस्त्यावर ती दिवसभर राबते, तिथे ते ठरतं.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी मध्येच गिअर अडकल्यासारखं खडखडतं. संपादक मंडळाने आणि वाचकांनी सांभाळून घ्यावं, ही विनंती!)

तर मुद्दा असा. मोठ्या शहराच्या टॅक्सीला आपल्याकडे रंगाचे नियम आहेत, मीटरचे आहेत, गाडीच्या वयाचे आहेत, धुराचे आहेत. पण मागे बसणाऱ्या आजीचे गुडघे, डिकीत न मावणारी बॅग आणि बारा तास बसणाऱ्या ड्रायव्हरची कंबर यांचा विचार करून गाडी बनवायची, हे कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही. बाजारातली घरगुती गाडी उचलायची, टप पिवळा रंगवायचा, मीटर बसवायचं. झाली टॅक्सी! माझ्या मते ही इंजिनिअरिंगची हार आहे, आणि ती दुरुस्त करणं आपल्याच हातात आहे.

आधी फियाटकडे जाऊ, कारण तिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली. कारखाना कुर्ल्याला. तिथे इटलीच्या फियाटच्या परवान्यावर फियाट ११०० बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव झालं ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदललं तरी मुंबईच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या कुठल्याही छोट्या गाडीपेक्षा कमी. तरीही नव्वदच्या दशकात मुंबईत साठ हजारांच्या वर टॅक्सी होत्या आणि त्यातल्या बहुतेक याच.

कलकत्त्याने ॲम्बेसेडर घेतली, मुंबईने फियाट. का? एक कारण सरळ आहे. मुंबईचे रस्ते अरुंद आणि फियाट आकाराने लहान, वजनाने हलकी. दुसरं कारण मला जास्त आवडतं. ॲम्बेसेडरचा कारखाना कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला होता, फियाटचा मुंबईतच. पार्ट हवा, मेकॅनिक हवा, सगळं हाकेच्या अंतरावर. कुर्ल्याच्या ज्या एलबीएस मार्गावर हा कारखाना होता, त्याचं जुनं नाव आग्रा रोड. म्हणजे आपल्या शिरपूरवरून जातो तोच मुंबई-आग्रा रस्ता! आणि आपल्याकडच्या ट्रॅक्स-क्रुझर बनतात मध्य प्रदेशात, महूजवळच्या पीथमपूरला. एकाच रस्त्याच्या दोन अंगांना दोन काळ्या-पिवळ्या जन्मल्या, आणि आपण बसलोय मधोमध. यापेक्षा चांगली जागा या विषयाला कुठली मिळणार?

आता फियाट टॅक्सी म्हणून का चालली ते बघू. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, फॅन बेल्ट सगळं समोर. स्कॅनर नको, लॅपटॉप नको. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडीशी शिवीगाळ एवढ्यावर गाडी पुन्हा सुरू! पुढची सीट सलग, बाकासारखी, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे मधे काही नाही. दुपारी ड्रायव्हर त्याच सीटवर आडवा होऊन डुलकी काढायचा. टपावर कॅरिअर असल्यामुळे गावाकडून आलेलं अख्खं बिऱ्हाड एका खेपेत जायचं.

आमच्या बिल्डिंगखाली टॅक्सी लावणारे एक चाचा आहेत, मूळचे जौनपूरचे. मी लहान असताना त्यांच्याकडे फियाट होती, आता नवी गाडी आहे. मी मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली तेव्हा त्यांना विचारलं होतं, ‘चाचा, अच्छी टॅक्सी कौनसी?’ ते म्हणाले, ‘बेटा, जो शाम को घर पैसा लाए और रात को कमर सोने दे.’ आमच्या मशीन डिझाईनच्या पुस्तकात डिझाईन क्रायटेरिया इतका स्वच्छ कुठेच दिलेला नाही.

पण म्हणून फियाटची आरती ओवाळायची नाही हं! पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, एअरबॅग नाही. मे महिन्यात आत भट्टी. जुन्या गाड्यांचा धूर एवढा वाढला की हायकोर्टाच्या आदेशांनंतर २००० नंतरच्या काही वर्षांत टॅक्सी सीएनजीवर आणाव्या लागल्या. गाडीचं उत्पादन २००० च्या सुमारासच थांबलं होतं. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या फियाटचा अध्याय संपला.

त्या आठवड्यात पेपरात किती लेख! सगळ्यांनी गाडीचे फोटो काढले, आठवणी लिहिल्या. मीही वाचल्या, मलाही वाईट वाटलं. पण फियाट जाण्याच्या कितीतरी आधीपासून तिच्या जागी सँट्रो, वॅगन-आर, ओम्नी, इको येत होत्या, आणि या गाड्या टॅक्सीच्या कामाला कितपत योग्य आहेत हे विचारणारे लेख मला फारसे दिसले नाहीत. लग्नात वरमाईच्या साडीची चर्चा व्हावी आणि नवरीला कोणी विचारू नये, तसला प्रकार.

नव्या गाड्या वाईट आहेत का? अजिबात नाही. कमी बिघडतात, कमी धूर सोडतात, एसी आहे. पण त्या चौकोनी कुटुंबासाठी बनवलेल्या आहेत. सकाळी ऑफिस, संध्याकाळी घर, रविवारी मॉल. टॅक्सीचं काम वेगळं. आपल्या भाषेत सांगायचं तर ड्यूटी सायकल वेगळी. आणि एकदा ड्यूटी सायकल चुकली की बाकी डिझाईन कितीही सुंदर असो, पेपर कोराच!

साधं गणित करू. समजा, ट्रॅफिकमध्ये ड्रायव्हर मिनिटाला तीन वेळा क्लच दाबतो. दहा तासांचे झाले १८०० वेळा. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ४५,००० वेळा. डावा पाय एकच! त्या पायाचा, गुडघ्याचा, कमरेचा फटीग टेस्ट कोणी केला? ऑटोमॅटिक गिअर हा घरगुती गाडीत शौक असेल, टॅक्सीत ती गरज आहे. पण टॅक्सीवाल्याला परवडतो सीएनजी, आणि सीएनजीबरोबर ऑटोमॅटिक गिअर अशी कंपनीतून येणारी गाडी भारतात पहिल्यांदा आली ती २०२४ मध्ये, टाटाची टिआगो आणि टिगोर. म्हणजे तोपर्यंत स्वस्त इंधन की पायाला आराम, यातलं एकच निवडायचं होतं. ज्याला दोन्ही सगळ्यात जास्त हवं होतं, त्याचा विचार सगळ्यात शेवटी झाला.

दुसरं गणित डिकीचं. छोट्या सीएनजी गाडीत साधारण ६० लिटर पाणी मावेल एवढी पोलादी टाकी डिकीत आडवी बसते. मग डिकी नावापुरती. मागच्या जूनमध्ये सुट्टी संपवून परत येताना माझ्याकडे एक ट्रंक, एक गादी आणि ड्रॉइंग बोर्ड होता. घरापासून बसच्या थांब्यापर्यंत तीन टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं. चौथा तयार झाला, तेव्हा ट्रंक पुढच्या सीटवर मानाने बसली आणि मी मागे गादीखाली!

मला त्याचं हसू येतं, कारण मी वीस वर्षांची धडधाकट मुलगी आहे. पण विचार करा. आपल्या खानदेशातून रोज कोणी ना कोणी पेशंट घेऊन मुंबई गाठतं. परळला टाटा हॉस्पिटल, केईएम. रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरलेलं कुटुंब: पेशंट, सोबत दोन माणसं, एक्स-रे आणि फाइलींची पिशवी, कपड्यांची बॅग, स्टोव्ह-भांड्यांचं बोचकं. पेशंटला वाकून आत शिरता येत नाही, पाय लांब करता येत नाही, डिकीत टाकी. मग दोन टॅक्सी करा, म्हणजे दुप्पट भाडं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये झालं. ३१ रुपये कोणाला थोडे वाटतील, पण उपचाराला आलेल्या माणसाच्या हिशोबात ते रोज दोनदा आणि डबल मोजले जातात. डिकीतली टाकी हा नुसता पॅकेजिंगचा प्रश्न नाही, तो कोणाच्या तरी खिशाचा प्रश्न आहे.

आणि उपाय नाही असंही नाही. टाटानेच २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली बसवल्या आणि वरची जागा मोकळी केली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं!

जगात काय चाललंय तेही जरा बघू. लंडनच्या टॅक्सीसाठी १९०६ पासून अटींची यादी आहे. त्यातली प्रसिद्ध अट म्हणजे गाडी २५ फुटांच्या वर्तुळात वळली पाहिजे. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर व्यास. आपली वॅगन-आर, जी छोट्या गाड्यांतही चपळ समजली जाते, तिची टर्निंग रेडियस ४.७ मीटर, म्हणजे व्यास ९.४. गिरगावच्या गल्लीत या फरकावर मागची दहा वाहनं हॉर्न वाजवणार की नाही ते ठरतं. पण लंडनची गोष्ट अर्धीच सांगून चालणार नाही. २०१८ मध्ये तिथे जी नवी इलेक्ट्रिक टॅक्सी आली तिची किंमत ५५ हजार पौंडांच्या वर होती! आमच्या चाचांना सांगितलं तर ते टॅक्सी विकून पौंडच ठेवतील.

न्यूयॉर्कने वेगळी वाट धरली. तिथे चेकर नावाची खास टॅक्सीसाठी बनलेली गाडी होती. १९८२ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं आणि नेहमीच्या मोटारी टॅक्सी बनून फिरू लागल्या. २०११ मध्ये शहराने स्पर्धा घेऊन निस्सानची एक व्हॅन ‘उद्याची टॅक्सी’ म्हणून निवडली. झालं! व्हीलचेअरवाल्यांचा आक्षेप, टॅक्सीमालकांचा आक्षेप, कोर्टकचेऱ्या, आणि २०१८ मध्ये ती सक्ती सोडून द्यावी लागली. तोक्योमध्ये टोयोटाने २०१७ मध्ये उंच टपाची, सपाट तळाची, सरकत्या दाराची टॅक्सी आणली. तिथेही व्हीलचेअरसाठी रॅम्प लावायला एवढा वेळ लागायचा की तक्रारी झाल्या आणि कंपनीला नंतर ते काम सोपं करावं लागलं. कॅटलॉगमध्ये रॅम्प असणं वेगळं आणि मागे बस हॉर्न वाजवत असताना तो लावता येणं वेगळं.

या तीन शहरांवरून मला एक गोष्ट कळते. सरकारने गाडी निवडू नये, अटी लिहाव्यात. आणि अटी एवढ्याच लिहाव्यात की छोट्या गाडीच्या किमतीत त्या बसतील. आपल्याकडे टॅक्सीसाठी म्हणून वेगळ्या गाड्या विकतात, नाही असं नाही. मारुतीची ‘टूर’ मालिका आहे, टाटाने २०२१ मध्ये फक्त टॅक्सी कंपन्यांसाठी ‘एक्सप्रेस’ नाव काढलं. पण बहुतेक वेळा हीच घरगुती गाडी असते, फक्त चार गोष्टी काढलेल्या आणि ८० च्या स्पीडला लगाम लावलेला. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ८० चा लगाम! कासवाला घातलेली वेसणच ती.

मला विचाराल तर मुंबईसाठी पाच अटी पुरेत.

पहिली, दार आणि उंची. साडी नेसलेली आजी, प्लास्टर घातलेला माणूस न वाकता आत बसला पाहिजे. मागचं दार पुरेसं रुंद उघडावं, तळ खाली आणि सपाट असावा.

दुसरी, सामान. इंधन कुठलंही असो, दोन मोठ्या बॅगा मावतील एवढी डिकी मोकळी हवी. नाहीतर कंपनीनेच तपासून दिलेलं मजबूत कॅरिअर हवं, नाक्यावर वेल्डिंग करून घेतलेलं नको.

तिसरी, ड्रायव्हर. क्लच नको. उंची आणि पाठ जुळवता येणारी सीट हवी, आणि पाण्याची बाटली, डबा, सुटे पैसे ठेवायला जागा हवी. आपण त्याच्या गाडीत वीस मिनिटं बसतो, तो आपल्या सगळ्यांच्या वीस-वीस मिनिटांत बसलेला असतो.

चौथी, दुरुस्ती. टॅक्सी गॅरेजमध्ये म्हणजे चूल बंद. सारख्या आपटणाऱ्या गोष्टी, बंपर, आरसे, लाईट, सुट्या आणि स्वस्त हव्यात. बिघाड काय आहे ते दाखवणारा कोड कुर्ल्याच्या मेकॅनिकलाही वाचता यायला हवा, फक्त कंपनीच्या शोरूमला नाही.

पाचवी, पट्टा. १ नोव्हेंबर २०२२ पासून मुंबई पोलिसांनी मागे बसणाऱ्यांनाही सीट बेल्ट सक्तीचा केला. पण टॅक्सीत मागे बसून बेल्टचं बक्कल शोधून बघा! ते रेक्झीनच्या कव्हरखाली कायमचं झोपलेलं असतं. धुता येणारी सीट कंपनीनेच दिली तर कव्हर घालावंच लागणार नाही आणि बक्कल वर राहील. एवढा छोटा उपाय, पण जीव वाचवणारा.

मला माहीत आहे, आता कोणीतरी म्हणणार, ‘इलेक्ट्रिक आली की सगळे प्रश्न सुटतील.’ काही सुटतील, हे खरं. इलेक्ट्रिकला क्लच नाही, धूर नाही, थांबल्यावर इंधन जळत नाही, बॅटरी तळाशी ठेवली तर डिकीही मोकळी. टॅक्सीच्या ड्यूटी सायकलला तिच्याइतकी जुळणारी दुसरी गाडी नाही, असं माझंही मत आहे. पण हिशोब करा. दिवसाला १५० किलोमीटर, युनिटला ८ किलोमीटर धरले तर रोज साधारण १९ युनिट वीज. घरगुती ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर ती भरायला सहा तास. चाचांची टॅक्सी रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते आणि ते झोपतात चौथ्या मजल्यावर. वायर कुठून टाकणार? तेव्हा इलेक्ट्रिक टॅक्सीचा खरा प्रश्न बॅटरीचा कमी आणि पार्किंगचा जास्त आहे. स्वतःचं पार्किंग असलेल्या मोठ्या कंपन्यांना ती परवडेल, एका गाडीच्या मालकाला नाही, आणि मग तोच माणूस उद्या कंपनीचा नोकर होईल. इंजिनिअरने एवढं तरी पुढचं बघायला नको का?

दुसरे कोणी म्हणतील, ‘मेट्रो आली, ॲपवाल्या गाड्या आल्या, काळी-पिवळी किती दिवस टिकणार?’ अहो, ॲप ही बोलावण्याची पद्धत झाली. येणारी गाडी तीच, डिकीत टाकी असलेली. आणि मेट्रो स्टेशनपासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत पेशंटला नेणार कोण? जिने?

मित्रमैत्रिणींनो, आपल्यातले बरेच जण उद्या पुण्यात, चाकणला, नाशिकला गाड्यांच्या कंपन्यांत लागतील. तिथे बसून कोणीतरी डोअर पॅनल काढेल, कोणी सीटचा फोम ठरवेल, कोणी टाकीचं ब्रॅकेट. टॅक्सी सुधारते ती अशाच कंटाळवाण्या ड्रॉइंगमधून. त्याची तयारी इथूनच करता येईल. फायनल इयरला गो-कार्ट आणि सोलर कार खूप झाल्या. एखाद्या ग्रुपने टॅक्सीची सीट घ्यावी, एखाद्याने डिकीखालची टाकी, एखाद्याने आपल्याच स्टँडवरच्या क्रुझरची मागची पायरी, जिच्यावरून चढताना म्हाताऱ्या बायकांना दोघांनी हात द्यावा लागतो. सर आणि मॅडम, असा विषय घेऊन कोणी आलं तर ‘यात नवीन काय?’ म्हणून परत पाठवू नका, एवढीच विनंती.

पीथमपूरला ‘बाहा’ स्पर्धा होते, हे आपल्या मेकॅनिकलच्या सगळ्यांना माहीत आहे. देशभरातली मुलं वर्षभर खपून एक गाडी बनवतात, आणि शेवटच्या दिवशी ती चिखलातून, खड्ड्यांतून सलग चार तास पळाली तर त्याला ‘एन्ड्युरन्स’ म्हणतात आणि टाळ्या वाजतात. चाचा रोज बारा तास करतात. त्यांच्या गाडीसाठी आपण काय बनवणार आहोत?